मांडवा ते पणजी: मित्रांबरोबरची किनारी सायकलवारी तडीस कशी न्यावी

दिवाळी उलटली की कोकणच्या किनाऱ्याने सायकलवर गोवा गाठायचा बेत अनेक मित्रमंडळींत शिजू लागतो, आणि त्यातले बरेच बेत रत्नागिरीच्या पुढेमागे विरतात. माझा पहिला बेत तसाच विरला होता. आम्ही पाच जण मांडव्याहून निघालो आणि पणजीला दोघेच पोचलो. एकाचा गुडघा दुखावला, एकाची रजा संपली आणि तिसरा वैतागून कणकवलीहून गाडीत बसला. पुढे दोनदा हाच किनारा सगळ्यांनी मिळून पुरा केला, तेव्हा पहिल्या खेपेची चूक उमगली: निघण्याची तयारी आम्ही महिनाभर केली होती आणि शेवटाचा विचार एकदाही केला नव्हता. त्यामुळे प्रथमच जाणाऱ्यांसाठी लिहिलेला हा लेख उलट्या टोकाकडून, म्हणजे परतीच्या तिकिटापासून सुरू होतो.

पायरी पहिली: परतीची गाडी ठरवणे

रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते आणि हिवाळ्यात गोव्याहून मुंबईकडे येणाऱ्या गाड्या भराभर भरतात, तेव्हा मित्रांचा होकार मिळताच सर्वप्रथम परतीचे आरक्षण करावे. मांडवी एक्स्प्रेस मडगावहून सकाळी सुटते आणि रात्री मुंबईला पोचते. कोकणकन्या संध्याकाळी सुटून सकाळी पोचते. दोन्ही गाड्या मडगावहूनच सुटतात आणि सायकल बरोबर असणाऱ्यांसाठी ही मोठी सोय आहे, कारण सुटण्याच्या स्थानकावर गाडी आधी लागलेली असते आणि ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे सामानाच्या डब्यात, सायकली निवांत चढवता येतात. थिवी किंवा सावंतवाडीच्या चार-दोन मिनिटांच्या थांब्यात तेच काम हमालालाही जड जाते. सायकली उजेडात चढाव्यात म्हणून मी मांडवी पसंत करतो. पुणेकरांना वास्कोहून सुटून मिरजमार्गे जाणारी गोवा एक्स्प्रेस आहे.

तिकीट पणजीला पोचण्याच्या दिवसाचे न काढता त्यानंतर एक पूर्ण दिवस सोडून काढावे. हा राखीव दिवस कोणाला सांगूही नये असे माझे मत आहे, कारण तो जाहीर झाला की तिसऱ्या दिवशीच समुद्रस्नानात खर्ची पडतो. नाताळ ते नवे वर्ष हा आठवडा पूर्णपणे टाळावा. त्या दिवसांत किनाऱ्यावरच्या खोल्यांचे भाडे वाढते आणि अरुंद रस्त्यांवर मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी संपेपर्यंतचा काळ चांगला. मार्चपासून ऊन आणि दमटपणा इतका वाढतो की दहानंतर चढ चढणे ही शिक्षा वाटू लागते.

पायरी दुसरी: वाट आणि दिवस यांचा मेळ घालणे

उत्तरेकडून दक्षिणेकडे जावे. हिवाळ्यात दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा बहुधा वायव्येकडून वाहतो, त्यामुळे दक्षिणेकडे जाणाऱ्याच्या तो पाठीशी किंवा उजव्या खांद्याशी असतो. उलट दिशेने आलेल्यांना तोच वारा सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, तोंडावर घ्यावा लागतो.

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडव्याला उतरावे, तिथून अलिबाग, चौल, रेवदंडा, काशीद करत मुरूड गाठावे. मुरूडच्या पुढे आगरदांडा ते दिघी ही पहिली फेरीबोट राजपुरीच्या खाडीपार नेते. पुढे दिवेआगर, शेखाडी, श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर. बागमांडल्याहून वेसवीला उतरले की सावित्री ओलांडून आपण रत्नागिरी जिल्ह्यात येतो. केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरूड (हे दापोलीचे मुरूड, जंजिऱ्याचे नव्हे), कोळथरे आणि दाभोळ हा पुढचा टप्पा. दाभोळहून धोपावे ही वाशिष्ठीवरची फेरी, मग गुहागर, हेदवी, वेळणेश्वर, आणि तवसाळहून जयगड ही शास्त्री नदीवरची. जयगडपासून मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे आणि रत्नागिरी. रत्नागिरीच्या पुढे मोठ्या खाड्यांवर पूल आहेत, त्यामुळे पावस, पूर्णगड, आडिवरे, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण, परुळे, वेंगुर्ले, शिरोडा आणि रेडी ही वाट फेरीबोटीवाचून पार पडते. शेवटी तेरेखोलहून केरी.

निवडलेल्या फाट्यांनुसार हे अंतर ५०० ते ६०० किलोमीटर भरते. सपाट देशावर रोज शंभर किलोमीटर मारणारा सायकलस्वार हा आकडा पाहून पाच दिवसांचा बेत आखतो आणि तिथेच फसतो. कोकणात दिवस किलोमीटरवर मोजता येत नाही. प्रत्येक खाडी समुद्रपातळीवर, प्रत्येक दोन खाड्यांमध्ये जांभ्याचा सडा, आणि त्या सड्यावर चढणारा रस्ता गाडीवानाच्या सोयीने नव्हे तर डोंगराच्या मर्जीने गेलेला. त्यामुळे ७० किलोमीटरच्या दिवसात हजार मीटरची चढाई सहज होते. नवख्या मंडळींनी नऊ दिवस धरावेत: मुरूड-जंजिरा, हरिहरेश्वर, हर्णै, गुहागर किंवा वेळणेश्वर, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, शिरोडा किंवा रेडी, आणि पणजी. दहावा तो राखीव.

मुक्काम ठरवताना पंचांग जवळ ठेवावे. संकष्टीला, विशेषतः अंगारकी असेल तर, गणपतीपुळ्याला खोली मिळणे कठीण. महाशिवरात्रीला कुणकेश्वरची जत्रा असते. मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख तर पंचांगातही सापडत नाही, कारण ती देवीचा कौल घेऊन ठरते. बहुधा फेब्रुवारीच्या आसपास येते आणि त्या दोन दिवसांत मालवणात घराच्या ओसरीवरही जागा नसते. वेळणेश्वर, गणपतीपुळे, तारकर्ली इथे पर्यटन महामंडळाची निवासस्थाने आहेत. पण सायकलवाल्याला घरगुती निवास जास्त मानवतो: सायकली पडवीत घेऊ देतात, विहिरीचे पाणी अंगावर आणि सायकलवरही ओतू देतात. जेवणाचे मात्र सकाळीच फोन करून सांगावे लागते. ‘किती माणसं, मासे की शाकाहारी?’ एवढाच प्रश्न येतो, आणि त्याला वेळेवर उत्तर दिले नाही तर रात्री बिस्किटांवर झोपावे लागते.

पायरी तिसरी: सोबती आणि तीन करार

चार ते सहा जण पुरेत. सहाच्या वर माणसे गेली की छोट्या गावात एका घरात निवास मिळत नाही, चहाच्या टपरीवर अर्धा तास जातो आणि गट आपोआप दोन तुकड्यांत फुटतो.

निघण्यापूर्वी तीन गोष्टी बोलून घ्याव्यात आणि संकोच न करता लिहून ठेवाव्यात. पहिली गतीची. गटाची गती सर्वांत सावकाश चालवणाऱ्याची असते, हे तोंडाने सगळे कबूल करतात आणि पहिल्याच चढाला विसरतात. म्हणून एक जण कायम शेवटी राहील असे ठरवावे. पंपाची आणि पंक्चरची पिशवी त्याच्याकडे असावी, पुढच्याकडे नव्हे, कारण बिघाड पुढच्याच्या मागे घडतो. दुसरी तिठ्यांची. प्रत्येक फाट्यावर शेवटचा माणूस दिसेपर्यंत पुढच्याने थांबायचे. पहिल्या सहलीत आमचे दोन वेगवान गडी विजयदुर्गाहून येताना ‘पडेल कॅन्टीन’ नावाच्या तिठ्यावर न थांबता देवगडचा रस्ता सोडून तळेऱ्याकडे निघून गेले. त्यांच्या फोनला रेंज नव्हती, आमच्याही नव्हती. दुपारी अडीचला ते उलटे फिरून तिठ्यावर आले तेव्हा आम्ही तिघे त्याच टपरीच्या बाकड्यावर चौथा चहा पीत बसलो होतो, आणि कोणी कोणाशी बोलत नव्हते. सहल मोडली ती तिथे; गुडघा आणि रजा ही नंतरची निमित्ते.

तिसरी गोष्ट पैशांची. गोव्याला पोचल्यावर नऊ दिवसांचा हिशेब करायला बसणे म्हणजे भांडण ओढवून घेणे. सुरुवातीलाच प्रत्येकी सारखी वर्गणी एका खजिनदाराकडे द्यावी, निवास, जेवण, चहा आणि फेरीबोट त्यातून भागवावी, आणि बिअर, आईस्क्रीम, वैयक्तिक दुरुस्ती टीटीएमएम ठेवावी. रोज रात्री जेवणानंतर पाच मिनिटांत आकडे वाचून दाखवावेत. छोट्या गावात मोबाईलवरून पैसे देण्याची सोय आता सर्रास दिसते, तरी रेंज नसली की ती अडते. रोख सुटे पैसे जवळ हवेतच.

पायरी चौथी: सायकल, आणि मिठाशी गाठ

महागडी सायकल लागत नाही, हलके गियर लागतात. पुढे लहान दातेरी चक्र आणि मागे मोठे, अशी जोडी नसेल तर आरे-वारेचा चढ ढकलत चढावा लागेल. टायर ३२ ते ४० मिलिमीटर रुंदीचे असावेत, कारण डांबर जिथे संपते तिथे जांभ्याची लाल खडी सुरू होते. सामान पाठीवर घेऊ नये, कॅरियरच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत सारखे वाटून घ्यावे.

दुरुस्तीच्या सामानात दोन जादा ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, पंप, पंक्चरचे ठिगळ आणि सोल्युशन, अ‍ॅलन चाव्यांचा संच, चेन जोडायची कडी, एक ब्रेकची आणि एक गियरची केबल, आणि मागच्या गियरचा हँगर (गियर सांगाड्याला जोडणारी पट्टी) एवढे पुरते. नवख्यांना न सुचणारी एक गोष्ट व्हॉल्व्हची. बऱ्याच नव्या सायकलींच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक असतो आणि गावातल्या पंक्चरवाल्याची हवेची नळी मोटारसायकलच्या जाड व्हॉल्व्हसाठी असते. पितळेचा एवढासा अडॉप्टर मिळतो, किंमत किरकोळ. तो व्हॉल्व्हवर चढवला की कोणत्याही टपरीवर हवा भरता येते. आम्ही तो विसरलो होतो आणि हेदवीत पंक्चरवाले काका पाच मिनिटे नळी आणि व्हॉल्व्ह यांची सोयरीक जुळवायचा प्रयत्न करत होते. शेवटी हातपंपाने तीनशे दट्टे मारले.

या किनाऱ्यावर सायकलचा खरा वैरी मीठ आहे. फेरीबोटीचा उतार-फलक खाडीच्या पाण्याने ओला आणि शेवाळलेला असतो. त्यावर सायकलवर बसून चढू नये; आधी मोटारी चढू द्याव्यात, मग पायी, दोन्ही ब्रेकवर हात ठेवून चढावे, आणि धोपाव्याला उतरताना पुढे दुचाकीवाल्यांची झुंबड असली तरी घाई करू नये. बोटीवर सायकल कठड्याला टेकवून ठेवली की फलक आपटताना उडालेले शिंतोडे थेट चेनवर येतात. दिवेआगर किंवा मुरूडच्या ओल्या, टणक वाळूवर सायकल चालवण्याचा मोह सगळ्यांना होतो, आणि छायाचित्रे छान येतात हे खरे. पण ती खारी वाळू चाकांच्या आसात आणि पेडलच्या खोबणीत शिरली की चौथ्या दिवशी सायकल दळण दळल्यासारखी कुरकुरते. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याची एक बादली सायकलवर ओतावी (जोराचा फवारा नको), फडक्याने चेन पुसावी आणि कड्याकड्यावर तेलाचा एकेक थेंब सोडून जादा तेल पुसून टाकावे. चेनवर तेल थापले की लाल धूळ तिला चिकटते आणि पॉलिश कागदासारखी दाते खाते.

पायरी पाचवी: रोजचा क्रम

हिवाळ्यात इथे सातच्या सुमारास उजाडते आणि सहाच्या सुमारास सूर्य बुडतो. उजाडताच निघून अकरापर्यंत दिवसाचे दोन-तृतीयांश अंतर मागे टाकावे. सकाळी पोहे किंवा घावणे, वाटेत केळी, चिक्की, शहाळे. दुपारी मात्र हात आवरावा. सुरमईच्या थाळीनंतर सोलकढीचे दोन पेले रिचवून सडा चढायला निघालेल्या माणसाची अवस्था मी अनुभवाने सांगू शकतो, सांगत नाही. पूर्ण थाळी रात्रीसाठी राखावी. पाणी प्रत्येकी किमान दोन लिटर बरोबर असावे आणि त्यात दुपारच्या आत एकदा तरी मीठ-साखर किंवा ओआरएस घालावे; सड्यावर दहा-दहा किलोमीटर एकही दुकान लागत नाही.

पॅडची चड्डी आतून काही न घालता वापरावी, रोज धुवावी, आणि दमट हवेत ती रात्रीत वाळत नाही म्हणून दोन बाळगाव्यात. एक अंगावर, दुसरी कॅरियरवर चिमटे लावून वाळत. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखू लागले तर बहुतेक वेळा बैठक खाली असते. पेडल सर्वांत खाली असताना टाच त्यावर टेकवली की पाय सरळ व्हावा, इतकी ती वर घ्यावी. हे पहिल्याच दिवशी करावे. आमच्या मित्राने पाचव्या दिवशी केले.

पायरी सहावी: रत्नागिरीला थांबून बोलणे

कोकण रेल्वे किनाऱ्याने जात नाही, बरीच आतून जाते. चिपळूण, राजापूर रोड, कणकवली, कुडाळ ही स्थानके आपल्या वाटेपासून तासन्‌तास दूर आहेत. रत्नागिरी हे एकच ठिकाण असे, जिथे आपला रस्ता शहरातून जातो आणि स्थानक शहराबाहेर कुवारबावला, सायकलने सहज गाठण्याजोगे आहे. त्यामुळे पाचव्या रात्री रत्नागिरीत सगळ्यांनी बसून एक प्रश्न मोकळेपणाने विचारावा: पुढचे चार दिवस कोणाला जड जाणार आहेत का?

ज्याला ताप आहे, गुडघा सुजला आहे किंवा घरी अडचण आहे, त्याने इथूनच परतणे शहाणपणाचे. तो मागे फिरला म्हणून बाकीच्यांनी हिणवू नये आणि त्याला बळेच पुढेही ओढू नये. विजयदुर्ग-देवगडच्या सड्यावर अडकलेल्या माणसाला बाहेर काढणे किती अवघड असते ते तिथे गेल्यावर कळते. आदल्या दिवसाच्या थकव्याने कंटाळलेला आणि खरोखर आजारी यांत फरक करण्याची माझी कसोटी साधी आहे: जो भरपेट जेवला आणि झोपला, तो सकाळी पुढे येतो.

रत्नागिरीनंतर कोणी अडलाच तर एसटीवर फार विसंबू नये, नव्या गाड्यांना टपावर कॅरियर नसते आणि वाहक सायकल आत घेईलच असे नाही. गावात ‘छोटा हत्ती’ कोणाकडे आहे का, एवढे चहावाल्याला विचारावे. त्या छोट्या टेम्पोत तीन सायकली आणि तीन माणसे मावतात, आणि भाडे आधी ठरवले की अर्ध्या-पाऊण दिवसाचे अंतर तासाभरात कापले जाते. एखादा टप्पा टेम्पोने गेला म्हणून सहल बाटत नाही. आमच्या तिसऱ्या सहलीत जैतापूर ते देवगड आम्ही सगळेच टेम्पोने गेलो, कारण एकाला जुलाब होत होते आणि त्याला एकट्याला पाठवायचे नव्हते. पणजीला सहाही जण पोचलो.

याच मुक्कामात सायकलीही तपासाव्यात. पाच दिवसांच्या तीव्र उतारांनी आणि खडीने ब्रेकचे रबर झिजलेले असते. मोठ्या शहरातली दुकाने इथे आहेत, पुढे मालवणपर्यंत नाहीत.

पायरी सातवी: शेवटचे दोन दिवस

सातव्या दिवसापासून एक विचित्र घाई अंगात शिरते. गोव्याच्या पाट्या दिसू लागतात, घरचे फोन येऊ लागतात, कोणीतरी म्हणतो की मालवणहून एका दमात पणजी होऊन जाईल. होऊन जाते, नकाशावर. प्रत्यक्षात अंधार पडताना म्हापशाच्या रहदारीत, दमलेल्या मांड्यांनी आणि विझत आलेल्या दिव्याने शिरावे लागते, आणि नऊ दिवसांतला सगळ्यांत धोक्याचा तास तोच ठरतो. म्हणून आठवा मुक्काम शिरोड्यात किंवा रेडीत करावा, असा माझा आग्रह आहे. शेवटचा दिवस मुद्दाम लहान ठेवावा, म्हणजे तो अनुभवता येतो.

सकाळी रेडीहून निघाले की थोड्याच वेळात तेरेखोल येते. तिथला किल्ला खाडीच्या अलीकडच्या, महाराष्ट्राच्या तीरावर असूनही गोव्याच्या हद्दीत आहे, त्यामुळे खाडी ओलांडण्याआधीच राज्य बदलते. सीमा पार केल्याचे छायाचित्र कुठे काढायचे यावर आमच्यात पाऊण तास वाद झाला होता. खाली उतरून केरीची फेरीबोट घ्यावी. बोटीची वेळ आणि ती चालू आहे की नाही हे रेडीतच विचारून घ्यावे. ती बंद असेल तर आरोंद्याहून किरणपाणीच्या पुलाने पलीकडे जाता येते, थोडा वळसा पडतो इतकेच.

केरीला उतरल्यावर शेवटच्या माणसाची वाट पाहावी आणि मगच पुढे निघावे. हरमल, मांद्रे, मोरजी करत शिवोलीच्या पुलाने शापोरा ओलांडावी आणि म्हापसा शहर टाळून पर्रा, साळगावच्या आतल्या रस्त्यांनी पर्वरी गाठावी. या भागात भाड्याच्या दुचाक्या आणि गाड्या चालवणारे पर्यटक वळणावर कुठेही थांबतात. एकामागोमाग एक, दोन सायकलींत तीन-चार सायकलींचे अंतर ठेवून चालवावे. मांडवी नदीच्या मोठ्या पुलांवर चढण्याऐवजी पर्वरीहून बेतीला उतरावे आणि तिथून फेरीबोटीने पणजीच्या धक्क्यावर यावे. बोटीवर सगळे एकत्र चढतात आणि एकत्रच उतरतात, त्यामुळे आधी कोण पोचले हा प्रश्न उद्भवत नाही. आमच्यातल्या सर्वांत सावकाश गड्याला आम्ही त्या बोटीत सर्वांत पुढे उभे केले होते.

पायरी आठवी: सायकली बांधणे आणि गाडीत चढवणे

पणजी ते मडगाव हा रस्ता झुआरीच्या पुलावरून जाणारा, वेगवान वाहतुकीचा राष्ट्रीय महामार्ग आहे. सायकलवर जाण्यात काही कमावायचे नाही. राखीव दिवशी टेम्पो ठरवून सायकली थेट मडगाव स्थानकावर न्याव्यात. परतीच्या गाडीच्या आदल्या दिवशीच पार्सल कार्यालयात जाऊन सायकल तिकिटासोबतचे सामान म्हणून नोंदवण्याची पद्धत, वजन आणि वेळ विचारून घ्यावी. पार्सल म्हणून स्वतंत्र नोंदवली तर ती आपल्याच गाडीने येईल याची खात्री नसते. माझी सायकल एकदा अशी तीन दिवस मागे राहिली, आणि चूक माझीच होती, मी घाईत चुकीचा अर्ज भरला होता.

बांधणीसाठी पुठ्ठा, गोणपाट, सुतळी आणि चिकटपट्टी लागते. पेडल काढताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी: उजवे पेडल नेहमीप्रमाणे घड्याळाच्या उलट दिशेने सुटते, डावे मात्र घड्याळाच्या दिशेने. हे ठाऊक नसल्याने डाव्या पेडलवर जोर करून आटे खराब केलेले दोघे माझ्या परिचयात आहेत. मागची चेन सर्वांत मोठ्या चक्रावर आणून ठेवावी, म्हणजे गियरचा हात आत वळतो आणि आपटत नाही. डिस्क ब्रेक असतील आणि चाक काढले असेल तर ब्रेकच्या पट्ट्यांमध्ये पुठ्ठ्याची घडी सरकवावी. वाटेत ब्रेकची मूठ दाबली गेली तर पट्ट्या एकमेकींना चिकटून बसतात आणि चाक परत बसत नाही. हँडल सैल करून सांगाड्याला समांतर फिरवावे, चाकांतली थोडी हवा सोडावी. सायकलच्या सांगाड्यावर, आणि वेगळे केलेल्या प्रत्येक चाकावरही, नाव, फोन, गाडीचा क्रमांक, पीएनआर, कुठून आणि कुठे हे ठळक लिहिलेला पुठ्ठा बांधावा. आरसा, दिवे, बाटल्या आणि वेगमापक आपल्या पिशवीत ठेवावेत.

नोंदणीची पावती खजिनदाराकडे द्यावी. उतरताना दोघांनी आधीच दाराशी यावे आणि गाडी थांबताच ब्रेकव्हॅन गाठावी, बाकीच्यांनी पिशव्या सांभाळाव्यात. वर्गणीतून उरलेले पैसे गाडीतच, चिपळूण येईपर्यंत वाटून टाकावेत. चिपळूणनंतर सगळे झोपतात.

घरी पोचल्यावर दोन-तीन दिवस तळहात आणि करंगळी बधिर वाटते. हँडलवर भार पडल्याने ते होते आणि बहुधा आपोआप ओसरते. आठवड्यानंतरही मुंग्या येत राहिल्या तर डॉक्टरांना दाखवावे. सायकलला मात्र आठवडा देऊ नये. ती उघडून पहिल्या दोन दिवसांतच बैठकीचा दांडा सांगाड्यातून बाहेर ओढून काढावा, पुसावा, त्याला ग्रीस लावून परत बसवावा, कारण खाऱ्या हवेने तो आतल्या आत धरून बसतो आणि पुढच्या हिवाळ्यात हातोड्यानेही हलत नाही. मी सायकल उलटी करून तो दांडा काढतो तेव्हा आतून चिमूटभर लाल धूळ आणि दिवेआगरची वाळू फरशीवर पडते.